एका बाटलीच्या तीन बाटल्या

आमच्या घरात त्या वर्षी मिठाचा डबा महिन्यातून तीनदा रिकामा व्हायचा आणि तिन्ही वेळा आई माझ्या नावानं शंख करायची. "अगं, मीठ खातेस की काय? की त्या लेंड्यांचं लोणचं घालतेस?" लोणचं नव्हतं, पण प्रकार फार वेगळाही नव्हता. पातेलंभर पाण्यात विरघळेनासं होईपर्यंत मीठ घालायचं, ते उकळून गार करायचं, बकरीच्या लेंड्या खलबत्त्यात कुटून त्यात कालवायच्या, चहाच्या गाळणीनं गाळायच्या आणि बारीक चौकटी आखलेल्या काचेच्या खाचेत ते पाणी भरून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. खाऱ्या पाण्यात जंतांची अंडी वर तरंगतात. ती मोजायची. घराण्यातली पहिली कॉलेजात गेलेली मुलगी, पशुवैद्यकाची पदवी घेऊन वरचं शिकणारी, आणि शिकते काय, तर लेंड्या! खलबत्ता आणि गाळणी माझी वेगळी होती हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण आमच्या नातेवाइकांपैकी काहींचा अजून त्यावर विश्वास नाही.

शहाड स्टेशनच्या मागच्या अंगाला एका चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीच्या खिडकीत माझा सूक्ष्मदर्शक. कॉलेजनं बाद केलेला, बुडाला आरसा लावलेला, म्हणजे उन्हावर चालणारा. सकाळी गिरणीचा पहिला भोंगा झाला की ऊन खिडकीत यायचं आणि मी नळीला डोळा लावून बसायची. मागे स्टोव्हचा आवाज, तव्यावर तांदळाची भाकरी, कधी सुका बोंबील भाजल्याचा वास, आणि आईची बडबड. एकदा तिला म्हटलं, ये, बघ तरी. पदर खोचून, एक डोळा मिटून तिनं पाहिलं आणि म्हणाली, "अगोबाई, हा तर भिजवलेला साबुदाणा!" नंतर कित्येक दिवस तिनं घरात साबुदाणा आणला नाही. नमुने थंड ठेवावे लागत आणि चाळीत फ्रिज एकच होता, मोटवानी आंटींचा. "बेटा, दवाई है ना?" त्यांनी पुड्या घेताना विचारलं. "हां आंटी, दवाई का ही काम है," मी म्हटलं. तसं पाहिलं तर खोटं नव्हतं. खरं कळलं तेव्हा त्यांनी अख्खी चाळ डोक्यावर घेतली, आणि घसा बसल्यावर विचारलं, "फिर बकरी ठीक हुई के नहीं?"

माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, गुरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा बांधायच्या, जनावर धरायचं, बाटल्या धुवायच्या, हे त्यांचं कागदावरचं काम. पण डॉक्टरची जागा बहुतेक वेळ रिकामीच असायची, आणि नदीपलीकडच्या पाच-सहा गावांना डॉक्टर म्हणून माहीत होते ते अण्णाच. "डॉक्टर नव्हे, ड्रेसर," ते दरवेळी सांगायचे. लोक दरवेळी मान डोलवायचे आणि पुढच्या वाक्यात पुन्हा डॉक्टर म्हणायचे. सायकलच्या मागे लाकडी पेटी, खांद्याला खाकी पिशवी, आणि पेटीत बांबूचं एक नळकांडं. ते त्यांनी स्वतः तासलं होतं. बकरीचा जबडा वर धरून त्या नळकांड्यानं जंताचं औषध घशात सोडायचं. पांढरं, खडूच्या पाण्यासारखं औषध. गावांत त्याला "डाक्टरचं दूध" म्हणायचे.

हे औषध पावसाळ्याच्या तोंडाला यायचं आणि कधीच पुरेसं यायचं नाही. बकऱ्या ढीगभर आणि बाटल्या मोजक्या. मग अण्णा एका बाटलीच्या तीन बाटल्या करायचे. पाणी उकळून, गार करून, फडक्यानं गाळून. चाळीच्या गॅलरीत बसून ते हे काम इतक्या निगुतीनं करायचे की लहानपणी मला वाटायचं, औषध असंच बनतं. नळकांड्याला आत एक खूण होती. थोरला बोकड असो की चार महिन्यांचं पिल्लू, त्या खुणेपर्यंत भरलेलं एक नळकांडं, आणि गावातली एकही बकरी सुटायची नाही. त्यांच्या लहानपणी गावातल्या जेवणावळीत आमच्या लोकांची पंगत सगळ्यात शेवटी, उकिरड्याच्या बाजूला बसायची, आणि तोवर पातेली खरवडलेली असायची. "शेवटी बसणाऱ्याला काय वाटतं ते मला विचार," ते म्हणायचे. "माझ्या हातात वाढप आलंय ना? मग एकही सुटणार नाही." मला त्यांचा केवढा अभिमान वाटायचा! अजून वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे लिहायचं आहे ते लिहिताना हात जड होतो.

कॉलेजात माझे मार्गदर्शक होते त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो. बुटके, चष्म्याच्या काचा जाड, बोलणं तिखट. त्यांनी मला विषय दिला तो असा, की परदेशांत मेंढ्यांच्या पोटातले जंत औषधाला दाद देईनासे झालेत, आपल्याकडे काय परिस्थिती आहे ते बघ. पद्धत साधी. काही बकऱ्यांना वजनाप्रमाणे औषध द्यायचं, काहींना द्यायचं नाही, आणि आधीची अंडी आणि दोन आठवड्यांनंतरची अंडी मोजून पाहायची. औषध लागू पडलं तर अंडी जवळजवळ नाहीशी व्हायला हवीत. मी लगेच अण्णांची गावं निवडली. जाणंयेणं सोपं, ओळख जुनी. आणि मनातलं खरं सांगायचं तर, अण्णांच्या गावांत औषध किती छान चालतं हे कागदावर दाखवायची मला हौस होती.

नदीपलीकडच्या पहिल्याच गावात बामाबाय राहायची. आगरी बाई, साठीच्या आसपासची, पोरं भिवंडीला कामाला, घरी ती आणि तिच्या बकऱ्या. आगरी बोलीत लहानथोर सगळ्यांना "तू" म्हणतात, तशी ती अण्णांनाही "तू" म्हणायची आणि त्या "तू"मध्ये जेवढी माया असायची तेवढी आमच्या कॉलेजातल्या "अहो-जाहो"त मी कधी पाहिली नाही. तिच्या आणि शेजारणींच्या मिळून तिसेक बकऱ्यांच्या गळ्यात मी जुन्या साडीच्या चिंध्या बांधल्या. लाल म्हणजे औषध, पिवळी म्हणजे नाही. गोणपाटाच्या झोळीत घालून, ताणकाट्याला टांगून एकेकीचं वजन केलं. बकऱ्या बोंबलत होत्या, बाया हसत होत्या. पिवळ्या चिंधीचा अर्थ कळल्यावर मात्र बामाबायचं हसू गेलं.

"म्हंजे हे अर्ध्यांना नाय देवाचा? का गो पोरी, त्यांनी काय पाप केलाय?"

"दोन आठवड्यांनी त्यांनाही देणार, बामाबाय."

"तवर मेली तं?"

मी अण्णांकडे पाहिलं. ते सायकलला टेकून उभे होते आणि त्यांनाही हे पटलेलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "शिकतेय ती. करू दे." पण घरी येताना अख्ख्या रस्त्यात माझ्याशी बोलले नाहीत.

दोन आठवड्यांनी मी खिडकीत बसून मोजायला घेतलं. पिवळ्या चिंधीवाल्यांची अंडी भरपूर, ती असणारच. मग लाल चिंधीची पहिली काच लावली. चौकटी भरलेल्या. दुसरी लावली. भरलेल्या. मला वाटलं मी पुड्यांची अदलाबदल केली, एवढी वेंधळी मी होतेच. पुन्हा गावात गेले, पुन्हा नमुने आणले, पुन्हा मिठाचा डबा रिकामा केला. तेच. सीलबंद नवी बाटली, वजनाप्रमाणे मोजलेली पूर्ण मात्रा, आणि जंत ते पिऊन मजेत अंडी घालत होते. शेजारच्या दोन गावांत तेच करून पाहिलं. तिथेही तेच.

सरांना दाखवलं तर त्यांचे डोळे चमकले. संशोधकाला असला निकाल म्हणजे लॉटरीच. "उत्तम! आता मला सांग, का? या गावांनी औषध बघितलंय तरी किती? असं गाव शोध जिथे ते कधी पोचलंच नाही." असं गाव मला माहीत होतं. डोंगरावर आदिवासी ठाकरांची एक वाडी होती. तिथे सायकल चढत नसे, म्हणून अण्णांच्या फेरीत ती कधी आली नाही. अण्णांना त्याची रुखरुख होती. मी दोन मैत्रिणींना घेऊन चालत वर गेले. तीच बाटली, तीच मात्रा, तोच ताणकाटा. दोन आठवड्यांनी काच लावली आणि चौकटी रिकाम्या दिसल्या. एखादं चुकार अंडं, बाकी स्वच्छ पाणी. जिथे माझ्या वडिलांची सायकल पोचली नव्हती, तिथेच औषध लागू पडत होतं.

मागे आई कांदा चिरत होती. पुस्तकात वाचलेलं सगळं आता डोळ्यांपुढे नीट लागत गेलं. पूर्ण मात्रा दिली तर जवळजवळ सगळे जंत मरतात. तिसरा हिस्सा दिला तर कमजोर तेवढे मरतात आणि चिवट मागे उरतात. बकरी चार दिवस बरी दिसते, कारण पोटातला भार कमी झालेला असतो. मग त्या उरलेल्या चिवटांची पिल्लावळ वाढते. त्यात गावातली एकूण एक बकरी औषध प्यालेली, म्हणजे औषध न पाहिलेले साधे जंत कुठे उरायलाही जागा नाही. असं दर पावसाळ्यात, तीस वर्षं. सगळ्यांना पुरावं म्हणून घातलेल्या पाण्यानं अण्णांनी स्वतःच्या हातांनी तसले जंत निवडून वाढवले होते. मला रडू आलं. आईनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, कांदा.

आणि नेमकं त्याच आठवड्यात आमंत्रण आलं. अण्णा त्या वर्षअखेरीला निवृत्त व्हायचे होते, आणि त्याआधी नदीपलीकडच्या गावांनी मिळून त्यांचा सत्कार करायचं ठरवलं होतं. गावातल्या देवळाच्या ओट्यावर खुर्ची मांडून. हे काय होतं ते आज कुणाला सांगून कळणार नाही. अण्णा नव्यानं त्या गावात गेले होते तेव्हा त्याच ओट्याखाली उभं राहून, ओंजळीत वरून ओतलेलं पाणी प्याले होते. पुढे हळूहळू ओटीवर, मग घरात, मग बामाबायच्या चुलीपुढे, असा त्यांचा तीस वर्षांचा प्रवास होता आणि तो त्यांनी नुसत्या कामावर केला होता. आईनं त्यांचा पांढरा शर्ट काढून ठेवला. अण्णा वरवर म्हणायचे, "कशाला हे सोंग?" पण आरशापुढे जरा जास्त वेळ उभे राहायचे.

मी गप्प बसले. सत्कार होऊन जाऊ दे, मग सांगू, असं स्वतःला समजावलं. सरांना सांगितलं की कारण स्पष्ट होत नाही. ते चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "ठीक आहे. स्पष्ट झालं की सांग." त्यांना सगळं कळलं होतं. मला ठाऊक आहे, मी भित्री नव्हते. कॉलेजात बैलाच्या शिंगांना भिडणारी मुलगी म्हणून माझं नाव होतं. पण बापाच्या चेहऱ्याला भिडायची माझी छाती नव्हती.

असे तीन आठवडे गेले. मग एका सकाळी निरोप आला की बामाबायची बकरी गेली. अण्णांबरोबर मीही गेले. गाभण बकरी, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबलेली, पापण्यांच्या आतली बाजू कागदासारखी पांढरी. पिवळी चिंधी अजून गळ्यात होती. दोन आठवड्यांनी पिवळ्या चिंधीवाल्यांना औषध द्यायचं मी कबूल केलं होतं. तेच औषध, पूर्ण मात्रेत, अण्णांनी स्वतः पाजलं होतं, तेव्हा एकदा आणि ती खंगायला लागल्यावर पुन्हा. पाणी न घालता, माझ्या काट्यावर वजन करून. अण्णांनी पडवीत बकरी फाडली. पोटाचा चौथा कप्पा उलगडला आणि आत लालपांढऱ्या पीळ दिलेल्या दोऱ्यांसारखे जंत वळवळत होते. शेकड्यांनी. दुसऱ्यांदा औषध पिऊन दहा दिवसही झाले नव्हते.

अण्णा उकिडवे बसून त्याकडे पाहत राहिले. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण तीस वर्षं जनावरांची पोटं पाहिलेला माणूस होता तो. त्यांनी हात धुतले, फडक्याला पुसले आणि मला विचारलं, "डोंगरावरच्या वाडीत काय निघालं? तू बोलली नाहीस."

"तिथं लागू पडलं."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"आणि तिथं मी कधी गेलो नाही." त्यांनी उलगडलेल्या पोटाकडे पुन्हा पाहिलं. "पाणी," ते म्हणाले. "पाण्यानं झालं ना हे?"

मी मान हलवली. मला वाटलं होतं ते कोसळतील, किंवा माझ्यावरच उखडतील, की चार पुस्तकं शिकून बापाला शहाणपण शिकवतेस. त्यातलं काहीच झालं नाही. त्यांनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"तीन आठवडे झाले."

"तीन आठवडे!" त्यांचा आवाज असा चढला की बामाबाय दारात आली. "तीन आठवडे मी गावोगाव हेच पाजत फिरतोय आणि तू गप्प? हिची बकरी मेली, सुनंदा. पोटात दोन पिल्लं होती. माझी चूक मला माहीत नव्हती. तुला तर माहीत होती ना?"

"तुमचा सत्कार..." मी कसंबसं म्हटलं.

"खड्ड्यात गेला सत्कार."

आयुष्यात अण्णा माझ्यावर एवढे एकदाच चिडले, आणि ते बरोबर होते. आज माझ्या हाताखालच्या मुलामुलींना मी किती शिव्या घालते ते त्यांनाच विचारा, पण निकाल दडवून ठेवणाऱ्याइतकी मी कुणावर संतापत नाही, त्याचं मूळ त्या पडवीत आहे.

पुढचे चार दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. आईला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी माझ्यावर डाफरली, मग जंतांवर, मग बाटल्या कमी पाठवणाऱ्यांवर. अण्णा गॅलरीत बसून असायचे. पाचव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि विचारलं, दुसरं औषध आहे का? मी म्हटलं, आहे, वेगळ्या जातीचं, सर मिळवून देतील, पण तेही थोडंच मिळेल. पाणी घातलं तर तेही दहा वर्षांत जाईल. "मग पाणी घालायचं नाही," ते म्हणाले. "पण मग पुरणार कसं?" आणि इथे मी आयुष्यात प्रथमच माझ्या वडिलांना काही शिकवलं, किंवा त्यांनी मला, नक्की कुणी कुणाला ते आजही सांगता येणार नाही. मी म्हटलं की माझ्या मोजणीत एक गोष्ट दिसते, सगळ्या बकऱ्यांत अंडी सारखी नसतात. कळपात चार-पाच जणींच्या पोटात निम्मे जंत, बाकीच्या बऱ्या असतात. पण त्या चार-पाच कोणत्या हे काच लावल्याशिवाय कसं कळणार? अण्णा माझ्याकडे पाहतच राहिले. "अगं वेडे, पापणी उलटून बघायची की! पांढरी पडलेली असते ती जंतांनी खाल्लेली. हे मला लांबून कळतं." मग आम्ही दोघं गेलो आणि पडताळून पाहिलं. ते पापणी उलटून सांगायचे, ही, ही आणि ती काळी. मी घरी येऊन काच लावायची. अण्णा दोन-तीनदा चुकले, बाकी प्रत्येक वेळी बरोबर. जिला गरज आहे तिलाच आणि पूर्ण द्यायचं. जी लाल पापणीची आहे तिच्या पोटातले साधे जंत राहू द्यायचे, म्हणजे चिवटांचं राज्य होणार नाही. पुढे परदेशात हीच गोष्ट रंगांचं कार्ड करून शिकवायला लागले. मी ते कार्ड पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मोठ्यांदा हसले होते.

सत्कार मोडावा असं अण्णांना वाटत होतं. आई म्हणाली, "जा. जायचं आणि तिथेच सांगायचं. एकेका दारात सांगत बसलात तर प्रत्येक जण वेगळं सांगेल." आईसारखी अक्कल आम्हा दोघांकडे मिळून नव्हती. तर मग रविवारी सकाळी देवळाच्या ओट्यावर खुर्ची, समोर सतरंजीवर पाच गावची माणसं, मागे चुलींवर वालाचं बिरडं आणि भाकऱ्या. सरपंचांनी शाल घातली, नारळ दिला. एकानं भाषणात अण्णांना देवमाणूस म्हटलं तेव्हा ते उठलेच. माइक नव्हता. त्यांनी घसा खाकरला.

"तीस वर्षं मी तुम्हाला पाणी घातलेलं औषध दिलं," ते म्हणाले. "एका बाटलीच्या तीन केल्या. सगळ्यांना पुरावं म्हणून केलं, पण केलं. त्यानं जंत मेले नाहीत, माजले. आता चांगलं औषध दिलं तरी ते मरत नाहीत. बामाबायची बकरी त्यानं गेली. आणखी कुणाकुणाच्या गेल्या असतील, त्या माझ्या खात्यावर."

मी आईचा हात घट्ट धरला होता. पाठीमागे एक म्हातारा "ऱ्हाव दे रं" असं काहीसं पुटपुटला, दोन तरुण एकमेकांत कुजबुजले, आणि मला वाटलं, संपलं, गेलं सगळं. अण्णा उभेच होते, शाल एका खांद्यावरून घसरलेली. तेवढ्यात पुढच्या रांगेतून बामाबाय उठली. कमरेवर हात ठेवून तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मंग आता कसा देवाचा, ता सांग ना," ती म्हणाली.

बस, आता औषध कसं द्यायचं, एवढंच. माफ केलं नाही, रागावली नाही, रडली नाही. मग अण्णा ओट्यावरून खाली उतरले, शाल आईकडे टाकली आणि म्हणाले, "एक बकरी आणा." कुणी तरी आणली. मग दुसरी आणली. जेवणं खोळंबली, भाकऱ्या गार झाल्या आणि पाच गावच्या बाया त्या अंगणात घोळका करून पापण्या उलटायला शिकल्या. "ही लाल का?" "नाय गो, ही फिकी, बग नीट." पुढची दोन वर्षं अण्णा निवृत्त होऊनही त्याच सायकलवर फिरले. नवं औषध थोडंच यायचं, पण आता ते उरायला लागलं. मी काचा लावत राहिले आणि पावसाळ्यामागून पावसाळा चौकटी रिकाम्या होत गेल्या. बामाबायच्या घरी त्या दुसऱ्या वर्षी इतकी करडं झाली की तिनं मला एक द्यायचा हट्ट धरला. चाळीत बकरी! मोटवानी आंटींनी नुसतं ऐकूनच हात जोडले.

प्रबंध टाइप करून घ्यायची वेळ आली तेव्हा मी अण्णांना मुख्य प्रकरण मराठीत वाचून दाखवलं. त्यांनीच सांगितलं होतं, वाचल्याशिवाय छापायचं नाही. ते डोळे मिटून ऐकत होते. या गावांत पूर्वी औषध कसं दिलं जात होतं, या भागापाशी आले आणि मी वाचलं, "दवाखान्यातील कर्मचाऱ्यांकडून औषधात पाणी मिसळण्यात येत असे." अण्णांनी डोळे उघडले.

"कोण कर्मचारी?"

"असंच लिहितात, अण्णा. नाव नसतं."

"तुला ही माहिती कुणी दिली?"

"तुम्ही."

"मग माहिती देणाऱ्याचं नाव लिहितात की नाही?"

लिहितात. तशी पद्धत आहे, कंसात, वाक्याच्या शेवटी. मी त्यांना म्हटलं की कॉलेजच्या वाचनालयात हा प्रबंध कायम राहणार, कुणीही उघडून बघेल, कशाला? सरांनीसुद्धा सांगितलंय, गरज नाही. अण्णा म्हणाले, "कर्मचाऱ्यांकडून म्हटलंस तर वाचणाऱ्याला वाटेल चार-पाच जण होते. तिथं मी एकटाच होतो, सुनंदा."

मी ते वाक्य खोडलं आणि माझ्या वडिलांचं पूर्ण नाव लिहिलं.